पेशंटच्या उशाशी उभं राहून

ऑपरेशन नीट पार पडलं की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, पेढ्यांचा पुडा त्यांच्या केबिनमध्ये जातो आणि बिलात ‘भूल’ अशी एक ओळ येते. त्या ओळीतली बाई म्हणजे मी. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात भूलशास्त्राचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून मिरज, सांगली, जयसिंगपूर, तासगाव या पट्ट्यातल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत भूल देत आले. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, दारावर पाटी नाही, ओपीडी नाही. गाडीच्या डिकीत बॅग तयार असते. तालुक्याच्या गावात रात्री सिझर निघालं की फोन येतो, “मॅडम, किती वेळात पोचाल?”

या फिरस्तीचा एक फायदा असा की, मला अनेकांची ऑपरेशन थिएटरं आतून दिसतात. सर्जनला फक्त स्वतःचं दिसतं. तीच हत्यारं, तीच औषधं, तोच हर्निया; पण एका ठिकाणी काम शांतपणे, वेळेत उरकतं आणि दुसरीकडे टाके घालून होईपर्यंत सगळ्यांचे खांदे ताठलेले असतात. हा फरक हाताच्या कौशल्याचा असतो, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. डॉक्टरांचं नेतृत्व हा विषय निघाला की अधिष्ठाता, संचालक, संघटनेचे अध्यक्ष अशी खुर्चीवरची माणसं डोळ्यांपुढे येतात. मला ते नेतृत्व ओ.टी.त, पेशंटच्या उशाशी उभं राहून दिसलं आहे. तिथून ते कसं दिसतं, ते सांगते.

आधी माझं काम थोडक्यात. भूल देणं म्हणजे इंजेक्शन टोचून मोकळं होणं नव्हे. सिझरसाठी पाठीत स्पायनल दिलं की कमरेखालचा भाग बधिर होतो, पण त्याबरोबर रक्तवाहिन्या सैलावतात आणि ब्लडप्रेशर खाली येतं. कधी हळूहळू, कधी झपकन. बाईला मळमळतं, ती जांभई देते, “कसंतरीच होतंय” म्हणते. त्या वेळी सर्जनची नजर जखमेवर असते आणि तिथेच असायला हवी. माझी नजर मॉनिटरवर आणि बाईच्या चेहऱ्यावर. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा टिकटिक आवाज तर मी पाठमोरी असले तरी ऐकत असते; रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाची पट्टीही उतरते. पट्टी उतरली की मी म्हणते, “सर, जरा थांबा.”

त्यानंतरच्या पाच सेकंदांत त्या हॉस्पिटलची सगळी संस्कृती कळते. काही सर्जन जागच्या जागी हात थांबवतात आणि विचारतात, “काय झालं? मी काय करू?” काही जण मान वर न करता म्हणतात, “तुम्ही बघा, माझं झालंच आहे.” आणि काहींचा आवाज चढतो. चढलेला आवाज माझ्यापुरता राहत नाही. बाजूला ट्रॉलीपाशी उभी असलेली सिस्टर तो ऐकते, मावशी ऐकते, सिलिंडर बदलणारे मामा ऐकतात. ‘मॅडमना असं बोलले, तर आपली काय कथा’ हा धडा तिघंही एकाच वेळी शिकतात. पुढच्या वेळी गॉज मोजताना एक कमी भरला तर ती सिस्टर सांगायला कचरेल. माझ्या मते वैद्यकीय नेतृत्वाची व्याख्या एवढीच: ‘थांबा’ म्हणणाऱ्याला तुमच्या खोलीत त्याची किंमत मोजावी लागते की नाही?

या किमतीला पैशाची बाजू आहे आणि ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. माझ्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञाला कोण बोलावतं? सर्जन. माझी फी बहुतेक ठिकाणी कोणाच्या हातून मिळते? सर्जनच्या. पेशंट मला निवडत नाही. बऱ्याचदा माझं नावही त्याला माहीत नसतं. अशा वेळी “या पेशंटची शुगर फार वाढलेली आहे, दोन दिवस पुढे ढकलू या” असं मी म्हणते, तेव्हा वैद्यकीय सल्ल्याबरोबर माझी पुढची बोलावणीही मी पणाला लावत असते. मी नाही म्हटलं तर फोनमध्ये दुसऱ्याचा नंबर असतोच. यात कोणी दुष्ट नसतो. सर्जनवर कर्ज असतं, नातेवाइकांनी रजा काढलेली असते, गावाहून जीप भाड्याने आणलेली असते. तरी रचनाच अशी आहे की, धोका ज्याला आधी दिसतो त्याचा आवाज सगळ्यात लहान.

हा आवाज मोठा करण्याचा एक साधा उपाय जगात शोधला गेला आणि त्यात एक मराठी धागा आहे. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन आणि लेखक. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रिया मोहिमेचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. २००८ साली या मोहिमेतून एका पानाची, १९ मुद्द्यांची तपासयादी आली. तिचे तीन टप्पे: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी. मुद्दे बघाल तर हसू येईल इतके बाळबोध. पेशंट तोच आहे ना? बाजू कुठली? ॲलर्जी आहे का? पल्स ऑक्सिमीटर लावला का, चालतो का? अँटिबायोटिक दिलं का? गॉज आणि हत्यारांची मोजणी जुळली का? आणि एक मुद्दा असा की, चिरा घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं.

दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंतींचं ११ वरून ७ टक्क्यांवर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक कागद.

पण तो कागद वाचणारं कोणीतरी लागतं. मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल, साठीतले अनुभवी सर्जन, हर्नियाचं साधं ऑपरेशन. स्पायनल देऊन झालं होतं, पेशंट जागा होता, पडद्याआड छताकडे बघत पडलेला. सर्जनच्या हातात चाकू. जीएनएम होऊन नुकतीच लागलेली सिस्टर यादी वाचत होती. वाचता वाचता ती अडखळली. मग जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “सर, पेपरवर डावी बाजू लिहिलीय. खूण उजवीकडे केलीय.”

सगळं थिएटर चिडीचूप. सर्जननी चाकू ट्रॉलीवर ठेवला, फाइल मागवली. मी पडद्याच्या अलीकडून पेशंटलाच विचारलं, “काका, हर्निया कुठल्या बाजूला आहे?” काका म्हणाले, “डावीकडं की ओ! सकाळी त्या पोराला बी सांगिटलं हुतं.” खूण करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरने पायथ्याशी उभं राहून स्वतःच्या डाव्या हाताची बाजू धरली होती. सर्जननी पुन्हा तपासून खात्री केली, बाजू बदलून साफसफाई आणि ड्रेपिंग नव्याने केलं. आणि चिरा घेण्याआधी सिस्टरकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं झालं बोललीस. यापुढे यादी तूच वाचायची.” त्यांनी मुलाला झापलंही, पण नंतर, केबिनमध्ये, एकट्याला.

याला मी नेतृत्व म्हणते. त्या एका वाक्याने सिस्टरचा आवाज कायमचा मोठा झाला. पुढे तीच सिस्टर मला न भिता विचारायची, “मॅडम, सक्शन चालू करून बघितलं का?”

उलट बाजूही पाहते. काही ठिकाणी तीच यादी छापलेली असते, पण पेशंट टेबलावर यायच्या आधीच तिच्यावर सगळ्या बरोबरच्या खुणा झालेल्या असतात. तपासणीला कोणी आलं तर दाखवायला फाइल पूर्ण. हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची केली गेली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यू आणि गुंतागुंतींत म्हणावा असा फरक आढळला नाही. आठ शहरांत गुण आलेल्या यादीला ओंटारिओत का आला नाही, यावर बराच काथ्याकूट झाला. माझ्यापुरतं उत्तर मी रोज बघते. परिपत्रक काढून कागद भरून घेता येतो. सिस्टरच्या तोंडून ‘सर, डावी बाजू’ हे शब्द काढून घेता येत नाहीत. त्यासाठी सर्जनने आधी बरेच दिवस तिला बोलू दिलेलं असावं लागतं.

आमच्या शास्त्राच्या इतिहासात याचं सर्वांत मोठं उदाहरण कोपनहेगनमधलं आहे. १९५२ चा उन्हाळा, पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट येत होते आणि श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख होते डॉ. लासेन, संसर्गजन्य रोगांतलं मोठं नाव. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं. त्या काळी भूलतज्ज्ञाने थिएटरबाहेर पाऊल टाकून वॉर्डातल्या पेशंटवर मत देणं, हे रीतीला धरून नव्हतं. इब्सेन म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी घाला आणि ऑपरेशनमध्ये आम्ही देतो तसा, रबरी फुगा हाताने दाबून श्वास द्या. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी ते सर्वांसमोर करून दाखवलं. मुलगी वाचली.

लासेन यांनी मग मोठेपणा आड येऊ न देता अख्खा विभाग त्या पद्धतीवर आणला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, पेशंटच्या उशाशी बसून रात्रंदिवस फुगे दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू याच प्रसंगातून उभा राहिला. इब्सेन यांचं नाव इतिहासात राहिलं ते योग्यच. मला मात्र लासेन यांचंही तेवढंच कौतुक वाटतं. आपल्या वॉर्डात पेशंट मरत असताना, आपल्या शाखेबाहेरच्या, वयाने आणि मानाने लहान माणसाला ‘तू सांग’ म्हणायला छाती लागते.

तशी छाती सर्वांना नसते. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचं नाव घरोघरी नसेल, पण आज दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळाला एका मिनिटाला आणि पाच मिनिटांना जे गुण दिले जातात, ते त्यांच्या नावाचे. त्या भूलतज्ज्ञ होत्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९३८ पासून भूलविभागाची धुरा त्यांच्याकडे होती. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला तेव्हा प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याकडे गेलं. बाई प्राध्यापक झाल्या, प्रसूतिगृहातल्या भुलेकडे वळल्या आणि १९५३ मध्ये बाळांची ती गुणपद्धती प्रसिद्ध केली. खुर्ची दुसऱ्याला मिळाली, पण जगभरच्या प्रसूतिगृहांतली शिस्त त्यांनी घालून दिली. सिझरनंतर बाळ रडलं की मी मनात गुण मोजते, तेव्हा खुर्ची आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटतं.

आता थिएटरबाहेर येऊ. थिएटरमधला प्रश्नच धंद्याच्या पातळीवर मोठा होऊन उभा आहे. डॉक्टरवर हल्ला झाला की आमच्या संघटना एका दिवसात एकत्र येतात, ओपीडी बंद राहतात, कलेक्टरना निवेदन जातं. ते करायलाच हवं. डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी रात्री एकटीने एमर्जन्सीला जाताना माझ्या पोटात गोळा येतो. पण आतलं काही चुकत असेल तर ‘थांबा’ म्हणायला तीच संघटना इतकी तत्पर असते का? पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, म्हणजे ज्याला सगळे ‘कट’ म्हणतात, ते २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने स्पष्ट मना केलं आहे. तरी त्यावर बोलणारे एकेकटेच आढळतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडला, त्यांनी २०१३ मध्ये एका निदान केंद्राकडून आलेल्या १२०० रुपयांच्या चेकबद्दल थेट महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली होती. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन धंद्यातली ही घुसमट पुस्तकरूपाने मांडली. अशा माणसांना आम्ही व्याख्यानाला बोलावतो, टाळ्या वाजवतो आणि सोमवारी पुन्हा आपापल्या कामाला लागतो.

एकट्याच्या धैर्यावर धंदा सुधारत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून म्हणते. मी एकटीने कितीही ठरवलं की मॉनिटरशिवाय भूल देणार नाही, तरी माझ्याऐवजी दुसऱ्याला फोन जाणार. मग आमच्या भागातल्या भूलतज्ज्ञांनी बसून ठरवलं: पल्स ऑक्सिमीटर, चालू सक्शन आणि भरलेलं राखीव सिलिंडर नसेल तर कोणीही केस घ्यायची नाही, आणि एकाने नाकारलेली केस दुसऱ्याने आधी त्याला फोन केल्याशिवाय घ्यायची नाही. पहिले काही महिने कुरबुरी झाल्या. काही सर्जन म्हणाले, “भूलवाल्यांची युनियन झाली.” झाली खरी. पण हळूहळू मॉनिटर आले. मुदत संपलेली औषधं ट्रेमधून गेली. एका हॉस्पिटलातल्या मामांनी तर सिलिंडरवर भरल्याची तारीख खडूने लिहायला सुरुवात केली आणि आता तारीख दिसली नाही तर तेच आम्हाला थांबवतात. ठराव सगळ्यांचा झाला, म्हणून एकट्याच्या ‘नाही’ची किंमत उतरली. संघटनेने करायचं काम हेच आहे, आणि कटच्या बाबतीतही ते असंच करता येईल. गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी नाही म्हटलं, तर कोणाचं नुकसान होणार?

तरुण डॉक्टरांबद्दल मी आशावादी आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात चांगल्या डॉक्टरच्या भूमिका लिहून दिल्या आहेत. ‘आरोग्यसेवेच्या चमूचा नेता आणि सदस्य’ ही त्यातली एक. नेता ‘आणि सदस्य’ हे मला फार आवडलं. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तासही आता असतात. पण विद्यार्थी तासाला ऐकतो ते विसरतो आणि थिएटरमध्ये पाहतो ते उचलतो. सिस्टरवर डाफरणाऱ्या सरांच्या हाताखाली तीन वर्षं काढलेला मुलगा पुढे कोणावर डाफरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि वाचकहो, तुम्हालाही यात काम आहे. ऑपरेशन ठरलं की सर्जनला जरूर विचारा, “भूल कोण देणार? त्यांना आधी भेटता येईल का?” भेटलात की सगळं सांगा: बीपीच्या, शुगरच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, हलणारा दात, तंबाखू, मिश्री. आधीच्या ऑपरेशनच्या वेळी काही त्रास झाला असेल तर तोही. उपाशी राहायला सांगितलं तर उपाशीच राहा. “अर्धा कप चहाच दिला” हे वाक्य मी ऐन टेबलावर ऐकते; दुधाचा चहा पोटात अन्नच असतो आणि भुलेत तो उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. ऑपरेशन पुढे ढकललं तर चिडण्याआधी कारण विचारा. भूलतज्ज्ञाने नको म्हटलं म्हणून ढकललं असेल, तर कोणीतरी तुमच्यासाठी आपलं पुढचं बोलावणं पणाला लावलं आहे, असं समजा.

तुम्ही नाव विचारू लागलात की बिलातल्या त्या ओळीला माणूस मिळतो, आणि नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं. आमच्या परिषदा, संघटना, अभ्यासक्रम बदलायला वेळ लागेल. हा एक प्रश्न मात्र पुढच्या ऑपरेशनच्या आधी विचारता येण्यासारखा आहे.